वाफ्यावरचा राब

नागावात झाडावरून गळलेल्या पानाच्या नशिबी एकच गोष्ट असते. सकाळी खराट्याखाली यायचं, दिवसभर कोपऱ्यातल्या ढिगात पडून राहायचं आणि दिवेलागणीला जळायचं. संध्याकाळी आमच्या आळीतल्या प्रत्येक वाडीतून धुराची एकेक रेघ निघते. ज्या घरातून निघत नाही तिथे कोणीतरी आजारी असणार, असं लोक धरून चालतात. धुराने डास जातात म्हणे. डास जाताना मी पाहिलेले नाहीत. माणसं खोकताना पाहिली आहेत.

अशा गावात मी पानं जाळायचं सोडून साठवायला लागले, तेव्हा माझ्याबद्दल थोडी चर्चा झाली.

माझी सगळी नोकरी अलिबागच्या कोर्टात कारकुनी करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर काय करायचं हा प्रश्न मला पडला नव्हता, पण विचारणाऱ्यांनी इतका विचारला की काहीतरी उत्तर असावं म्हणून मी घरामागे वाफे केले. वांगी, मिरची, भेंडी. पलीकडे दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना भाड्याने देतो, त्यांनाही ताजी भाजी दिसली की बरं वाटतं. पण आमची जमीन वाळूची. सकाळी घातलेल्या पाण्याचा दुपारपर्यंत पुरावा उरत नाही. त्यात चैत्र लागला की विहिरीचं पाणी मचूळ होतं. चहा त्यात कोणीतरी रडून गेल्यासारखा लागतो, आणि मिरचीच्या पानांच्या कडा करपतात. जितकं पाणी घालावं तितकं मीठ घातल्यासारखं.

पुण्याहून आलेल्या एका पाहुणीने यावर उपाय सांगितला. त्या म्हणाल्या, माती उघडी ठेवू नका, तिच्यावर आच्छादन घाला, मल्चिंग करा. उघडी माती म्हणजे उन्हात फिरणारं टक्कल, असंही म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांची नजर आमच्या ह्यांच्याकडे गेली. आमचे हे आत जाऊन टोपी घालून आले.

पहिलं आच्छादन ह्यांनीच मोबाईलवरून मागवलं. नारळाच्या सोडणाचे तुकडे, दुसऱ्या राज्यातून आलेले, छापील पोत्यात भरलेले. पोतं घेऊन आलेल्या माणसाने आमच्या माडांखाली गाडी उभी केली, वर पाहिलं, पोत्यावरचं चित्र पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. सही घेऊन गेला. ते पोतं अर्ध्या वाफ्यालाही पुरलं नाही.

मग घरचीच सोडणं अंथरली. ती उपडी ठेवली तर खाली विंचू राहतात आणि उताणी ठेवली तर पाणी साचून डास होतात. मी काही उपडी आणि काही उताणी ठेवून पाहिली. विंचू आणि डास दोन्ही मिळाले.

किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली सुयांसारख्या पानांची गादी असते, ती पोत्यात भरून आणली. दिसायला सुरेख. तिच्याबरोबर बाटल्यांची बुचं, पतंगाचा मांजा, गॉगलची एक दांडी आणि लहान मुलाची एक चप्पल आली. पानं बसत बसत त्यांची चटई झाली आणि वर ओतलेलं पाणी खाली न जाता वाफ्याच्या कडेने वाटेवर यायला लागलं. आमची वाट त्या महिन्यात छान ओली राहिली.

नंतर भाताच्या गिरणीतून तूस आणलं. दुपारी समुद्राकडून वारा सुटला आणि तूस कुंपणापलीकडे गेलं. पलीकडे शेजारणीची खानावळ आहे आणि तेव्हा तिथे पंगत बसली होती. शेजारीण तक्रार करायला आली नाही. तिने वाटीभर सोलकढी वर ताटली झाकून आमच्याकडे पाठवून दिली. मी ताटली काढून पाहिलं आणि उरलेलं तूस त्याच दिवशी पोत्यात भरलं.

शेवटी ह्यांनी काळं प्लास्टिक सुचवलं. ते अंथरलं, कडेने दगड ठेवले. पंचनामा व्हायच्या आधी काहीतरी झाकून ठेवावं तसं ते दिसायचं. मी कोर्टात असले फोटो पुष्कळ हाताळलेले आहेत, त्यामुळे सकाळी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसवेना. प्लास्टिक निघालं.

या सगळ्या उद्योगाच्या मध्यावर, संक्रांत होऊन गेल्यावर, सासूबाई आल्या.

त्यांचं गाव पेणच्याही आत, डोंगराच्या पायथ्याशी. भातशेतीचं घर. सासरे गेल्यापासून त्या एकट्याच राहत होत्या, आणि एकट्या राहता म्हटलेलं त्यांना खपत नसे. म्हैस आहे, शेत आहे, एकटी कशी, असं विचारायच्या. मग खळ्यावर घसरून पडल्या. खुब्याला मार बसला, हाड वाचलं. डॉक्टरांनी वाकायचं नाही असं बजावलं. वाकायचं नाही म्हणजे भातशेती करायची नाही, हे डॉक्टरांना कळलं असेलच असं नाही. म्हैस विकली गेली, शेत चुलत पुतण्याकडे वाट्याने गेलं, घराला कुलूप लागलं आणि आमचे हे जाऊन आईला घेऊन आले.

त्या आल्या त्या चार दिवसांसाठी. असं त्याच म्हणाल्या. बरोबर एक निळी रेक्झिनची बॅग होती, ती त्यांनी खोलीच्या दाराशी खुंटीला लावली. साडी बॅगेतून काढायची, नेसायची, धुवायची, वाळली की घडी करून परत बॅगेत ठेवायची आणि चेन ओढायची. कपाटातला एक खण मी त्यांच्यासाठी रिकामा केला होता. त्यात त्यांनी रुमालसुद्धा ठेवला नाही. बॅगेच्या तळाशी फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. त्यात बियाण्याचं भात होतं. मी ते वर ठेवू का विचारलं तर त्यांनी नुसतं बघितलं.

अडचण अशी होती की त्यांना इथे राहायचं नव्हतं आणि त्यांना तिथे पाठवणं शक्य नव्हतं. त्या जेवेनाशा झाल्या. मागितलं म्हणून मिळालं असं व्हायला नको, म्हणून मागायच्याच नाहीत. चेहरा उतरत चालला. डॉक्टर म्हणाले, मन रमवा. आम्ही टीव्ही लावून दिला. ह्यांनी एका संध्याकाळी त्यांना किनाऱ्यावर नेऊन समुद्र दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, एवढं पाणी, आन उपेग काय.

त्यांनी झाडू उचलला की मी म्हणायची, आई, तुम्ही बसा. विळीकडे गेल्या की हे म्हणायचे, आई, तू बस. कोर्टात किरकोळ गुन्ह्याला कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा देतात. सासूबाईंना आम्ही तीच दिली होती, फक्त आमचं कोर्ट उठत नव्हतं. मागच्या पडवीत बसून त्या मी वाफ्यांशी काय काय करते ते बघत राहायच्या. तुसाचं प्रकरण त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं आणि त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्या शब्दाची भीतीच वाटत होती.

होळी झाली. थंडीतली भाजी संपली होती. मी वाफे रिकामे केले आणि ठरवलं की आता एकेक वस्तू घालून बघायची नाही, सगळ्यांचे थर द्यायचे. मोबाईलवर तसं दाखवलं होतं. खाली वाळलेलं शेण फोडून पसरायचं, त्यावर पाला, त्यावर पेंढा. महिना-दोन महिने तसंच राहू द्यायचं आणि मग मधे जागा करून रोपं लावायची. शेण पलीकडच्या गोठ्यातून आणलं. आंब्याची आणि फणसाची पानं मी हिवाळाभर साठवली होती, ती पसरली. पेंढा टेम्पोतून आला. तुसाने शहाणपण आलेलं होतं म्हणून पेंढा उडू नये यासाठी सगळ्यावर सुरूच्या बारीक फांद्या आडव्या टाकल्या. ह्यांनी त्याआधी वाफ्यातून ठिबकच्या नळ्या फिरवल्या होत्या. ते काम त्यांनी स्वतः केलं होतं आणि आल्या-गेल्याला दाखवत होते.

मी थर देत असताना सासूबाई पडवीतून उठून पायरीपर्यंत आल्या. शेण खाली का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग पाला? हो. वर काटक्या? म्हटलं, वाऱ्याने उडू नये म्हणून. त्यांनी मान डोलावली. लग्न होऊन आल्यापासून माझ्या कुठल्याही कामावर त्यांची मान डोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी जेवताना त्यांनी भात मागून घेतला. मी ह्यांना म्हटलं, बघा, बागेत मन रमतंय त्यांचं.

थोड्या दिवसांनी आम्ही दोघं अलिबागला गेलो. काम संपवून, बाजारातून मासळी घेऊन परतलो तर आळीच्या तोंडाशीच धुराचा वास आला. संध्याकाळ व्हायची होती. इतक्या लवकर कोणाची पानं जळतात म्हणत आम्ही घराकडे वळलो, आणि ज्या घरातून कधी धूर निघत नाही त्याच घरातून निघत होता.

मागे जाऊन पाहिलं. वाफ्यांच्या जागी काळे चौकोन होते. सगळे वाफे, एकही सुटला नव्हता. मधूनमधून धूर येत होता. ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटल्या होत्या. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. शेजारी ओलं पोतं, भिजवलेला खराटा आणि पाण्याची बादली. कपाळावर काजळी. पाहुण्यांपैकी एक तरुण जोडपं बादल्या घेऊन उभं होतं. वाफ्याभोवतीचा पाचोळा सासूबाईंनी त्यांच्याकडून आधी लांबपर्यंत झाडून घेतला होता. त्या मुलीने मोबाईल पुढे करून मला आग दाखवली आणि म्हणाली, काकू, हे तुम्ही आधी सांगितलं असतं तर आम्ही मित्रांनाही आणलं असतं. पुढे तिने आमच्या खोल्यांबद्दल इंटरनेटवर फार चांगलं लिहिलं. शेतीचा अस्सल अनुभव मिळतो, असं.

मग सासूबाईच बोलल्या.

"राब भाजला. वारा बरा व्हता. पेटवला खालच्या अंगानं, म्हंजी सावकास जलतो. थर तू चांगला रचलेलास गो, पन वर माती टाकायची इसरलीस. ती मी टाकून घेतली."

आता हे सांगायला हवं की माझं माहेर रेवदंड्याकडचं, माड-पोफळीचं. भात आम्ही खातो, लावत नाही. राब हा शब्द मी ऐकलेला होता, एवढंच. आत भातशेतीच्या गावांत उन्हाळ्यात बियाणं पेरायच्या तुकड्यावर शेण, पाला, गवत, फांद्या यांचे थर देतात, वर माती भुरभुरवतात आणि ते सगळं भाजून काढतात. मग पावसाच्या तोंडाला तिथे भात पेरतात. मी वाफ्यावर जे रचलं होतं ते मोबाईलमध्ये बघून रचलेलं आच्छादन होतं, आणि ज्या बाईने जन्मभर राब रचले तिच्या दृष्टीने तो मातीचा शेवटचा थर राहिलेला राब होता. मला कळलं नाही ते ठीक. पण आमचे हे त्याच घरात वाढलेले, आणि वर हायस्कुलात भूगोल शिकवणारे. कोकणातली राब पद्धत हा भाग ते वर्षानुवर्षं शिकवत आले, फळ्यावर थरांची आकृती काढून. घरामागे ती आकृती प्रत्यक्षात रचलेली होती आणि हे तिच्यातून नळ्या फिरवत होते.

ह्यांनी तोंड उघडलं. आई, अगं ते, इतकं म्हणाले. तेवढ्यात सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला वाटलेलं, तुमी मला पावन्यासारकं ठेवलंय. राब रचताना बघितला तवा कळलं, हिनं माज्यासाटी जागा काडली."

मी ह्यांच्या हातातली मासळीची पिशवी घेतली आणि म्हणाले, "हो आई. माती विसरलेच मी."

आत गेले. त्यांच्या खोलीच्या दाराशी खुंटी रिकामी होती. बॅग घडी करून कपाटावर ठेवलेली, आणि मी रिकाम्या केलेल्या खणात साड्या. वरच्या बाजूला रुमाल. मी तिथे उभी राहून रडले. वाफ्यांसाठी का साड्यांसाठी ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

माझा राग मी गिळला असं म्हणणार नाही. तो मी ह्यांच्यावर काढला. हिवाळाभर साठवलेली पानं, शेण, पेंढा, सगळ्याचा हिशोब त्यांच्याकडे मागितला. त्यांनी वितळलेल्या नळ्यांकडे बोट दाखवलं. दोघांनी मिळून ठरवलं की आईला काही सांगायचं नाही. माझी वांग्याची रोपं जुन्या डब्यांमध्ये पायरीवर वाट बघत होती. ती मी शेजारणीला देऊन टाकली.

पुढे पाऊस आला. पावसाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. आमच्याकडे एवढंच झालं की सासूबाईंनी गाठोडं सोडलं आणि माझ्या वाफ्यांत भात पेरलं. वाकायचं नव्हतं म्हणून पाटावर बसून, सरकत सरकत. थोड्याच दिवसांत तिथे भाताचं रोप उभं राहिलं, इतकं हिरवं की पाहुणे त्याच्या कडेला उभे राहून फोटो काढायचे आणि ही कुठली लॉन आहे विचारायचे. सासूबाई सकाळी उठून आधी ते बघायला जायच्या. जेवण पहिल्यासारखं झालं. माझ्या आमटीत मीठ कमी पडलं तर आता त्या तसं सांगायच्या. मला बरं वाटायचं.

बिंग शेजारणीने फोडलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. कुंपणापाशी उभी राहून ती सासूबाईंशी गप्पा मारत होती आणि मी स्वयंपाकघरात होते. तिने हसत हसत सांगितलं, आजी, त्या दिवशी तुम्ही सुनेचं मल्चिंग जाळलंत ना, बिचारी हिवाळाभर पानं गोळा करत होती. सासूबाईंनी विचारलं ते काय असतं. तिने सविस्तर सांगितलं. पुण्याच्या पाहुणीपासून सुरुवात केली आणि तुसावरही आली. माझ्या हातात पळी होती. मी बाहेर जाईपर्यंत सगळं सांगून झालं होतं.

सासूबाई जेवायला बसल्या, पानातलं निम्मं ठेवलं. दुपारी मी त्यांच्या खोलीत डोकावले तर बॅग पलंगावर होती. खण रिकामा. त्या चेन ओढत होत्या. ती मधे अडकत होती आणि त्या दोन्ही हातांनी जोर लावत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या की उद्याच्या गाडीत बसवून दे, पेणपर्यंत, पुढचं मी बघीन. तुमचं नुकसान केलं मी, तेही म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. त्यानेच मला जास्त लागलं.

हे बाजारात गेले होते. घरात मी एकटीच होते, आणि समजूत घालणं हा माझा विषय नव्हे. कोर्टात माझं काम फाइली लावण्याचं, बोलायचे दुसरेच. मी पलंगाच्या कडेला बसले. मला खरोखर राग आला होता, आणि तो वाफ्यांचा नव्हता.

"आई, राब तुम्ही भाजलात, रोप तुम्ही केलंत. आता ते हातभर झाल्यावर माझ्या गळ्यात टाकून जाता होय? मला लावणी येत नाही. तुमच्या मुलाला तर ती फक्त फळ्यावर येते."

त्या चेनशी खटपट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "लावनार कुठं? जागा हाय कुठं?"

घराच्या उजव्या अंगाला सखल तुकडा आहे. विहीर खोल केली तेव्हा निघालेली चिकण माती तिथेच टाकलेली, त्यामुळे पावसात पाणी तुंबतं. हे तिथे भराव घालून पाहुण्यांच्या गाड्यांसाठी जागा करणार होते. दगड येऊन पडले होते. मी म्हटलं, गाड्यांची जागा आहे.

त्यांनी खिडकीतून तिकडे पाहिलं.

"चिकल करावा लागंल," त्या म्हणाल्या.

चिखल ह्यांनी केला. पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून, फावडं घेऊन, पावसात. सासूबाई बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री घेऊन बसल्या आणि त्यांनी मुलाला ज्या शब्दांत सूचना दिल्या ते शब्द ह्यांनी भूगोलाच्या तासाला कधी वापरले नसतील. त्या आठवड्यातले पाहुणेही चिखलात उतरले. त्यांना वाटलं खोलीच्या भाड्यात हे धरलेलं आहे. मी लावलेली रोपं दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगत होती. सासूबाई खुर्चीतून उठल्या, नको नको म्हणत असताना वाकल्या, आणि पहिल्या ओळीतल्या दोन मुठी त्यांनी स्वतः पुन्हा लावल्या. मग खुब्याला हात लावून परत खुर्चीत जाऊन बसल्या. त्या दिवशी तेल चोळताना त्यांनी एकदाही हाय म्हटलं नाही.

पीक कसलं येणार. खेकडे, चिमण्या आणि शेजारणीच्या कोंबड्या यांनी आपापला वाटा काढून घेतल्यावर जे उरलं ते आम्ही पडवीत झोडलं. नव्या तांदळाचा भात सगळ्यांना एकेकदा वाढता आला. सासूबाईंनी पहिला घास खाऊन सांगितलं की चव न्हाय, वालूची जमीन. मग त्यांनी दुसऱ्यांदा घेतला, म्हणून ह्यांना कमी पडला. पेंढ्याच्या लहान लहान पेंड्या बांधून त्यांनी न्हाणीमागे ताडपत्रीखाली ठेवल्या. पलीकडच्या गोठेवाल्याने गायीला मागितल्या तर दिल्या नाहीत.

त्या पेंड्या कशासाठी ठेवल्या हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आच्छादन हा शब्द आमच्या घरात त्या दुपारनंतर कोणी काढलेला नव्हता. मी वाफ्यांमध्ये वांगी लावली होती, उघड्या मातीत, आणि करपायची ती करपतील असं मनाशी म्हटलं होतं. चेन अडकलेली बॅग खुंटीवर परत आली नव्हती, पण कपाटावरही दिसत नव्हती. साड्या खणात होत्या. तरी मी येता-जाता खुंटीकडे बघायची. सवय लागली होती.

फाल्गुनातली एक सकाळ. चहा ठेवायला उठले तर सासूबाई खोलीत नव्हत्या. मागचं दार उघडं होतं. बाहेर आले आणि त्या मला पाठमोऱ्या दिसल्या, माडांमधल्या वाटेने चाललेल्या, हातात निळी बॅग. बॅग भरलेली होती. वजनाने त्या एका अंगाला झुकल्या होत्या. अनवाणीच धावले. आई, अहो आई, कुठे निघालात, असं काहीतरी ओरडले असेन, कारण पलीकडून शेजारीण बाहेर आली.

त्या थांबल्या. वाटेने पुढे न जाता वाफ्याकडे वळल्या आणि माझ्या वांग्यांशेजारी बॅग उपडी केली. फणसाची पानं होती, वाळलेली. वांग्यांच्या बुंध्याशी आधीच पेंढा पसरलेला होता, आमचाच, न्हाणीमागचा. त्यांनी पाट ओढून घेतला, बसल्या आणि पेंढ्यावर पानं पसरायला लागल्या.

"ह्यो भाजायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "म्हाईत हाय मला. राबाची जागा मी तिकडं विहिरीपाशी काडलीय."

मी त्यांच्या शेजारी मातीतच बसले. काहीतरी बोलायला हवं होतं. बॅग माझ्या हाताशी होती. तिची चेन एका बाजूने पार उसवली होती, आत फणसाच्या पानांचा चुरा. मी म्हटलं, आई, अलिबागला माणूस आहे, तो चेन नवी बसवून देतो, देऊ का नेऊन.

सासूबाईंनी बॅग माझ्याकडून घेतली, झटकली आणि पुन्हा पानं आणायला उठल्या.

"कशाला," त्या म्हणाल्या. "हिला कुटं जायचंय."